घर सजवताना... घासाघीस कोणाच्या खिशातून?



लेख मागताना संपादक मंडळाने मला आधीच बजावलं होतं, "यंदा काहीतरी उपयोगाचं लिही. नुसती गंमत नको." मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, शिक्षणाने इंजिनिअर. त्यामुळे उपयोगाचं म्हणजे हिशेबाचं, एवढंच मला समजतं. म्हणून हा हिशेबाचाच एक धडा. विषय मात्र तुमच्या-आमच्या दिवाणखान्यातला आहे. घरात आपण जे वाडगे, दिवे, घंगाळं, चित्रं, चादरी मांडतो, ती घडवणाऱ्या माणसाच्या हाती शेवटी किती पडतं?

सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो.

एका वाडग्याची गोष्ट

आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या निधिसंकलनाच्या संध्याकाळी वस्तूंचा लिलाव होता, आठवतं ना? टेबलावर वस्तू मांडलेल्या, प्रत्येकीसमोर एक कागद, ज्याला हवी त्याने आकडा लिहायचा. त्यात निळसर झाक असलेला, हाताने घडवलेला मातीचा एक मोठा वाडगा होता. आमच्या शेजारच्या गावात एक कुंभारकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी मंडळाला तो भेट दिला होता. मी ३५ डॉलर लिहिले. जेवणाची घंटा झाली, सगळे पुरणपोळीकडे धावले आणि वाडगा मला मिळाला! घरी आल्यावर आमच्या सौ.ला अभिमानाने सांगितलं, "बघ, दानही झालं आणि वस्तूही स्वस्तात मिळाली."

पुढच्या महिन्यात त्या बाईंच्या स्टुडिओत गेलो, तर तसाच वाडगा फळीवर होता. किंमत ६० डॉलर.

घरी येताना गाडीत हिशेब मांडला. बाईंनी ६० डॉलरची वस्तू दिली. त्यातले ३५ संस्थेला गेले. उरलेले २५ कुठे गेले? माझ्या खिशात! म्हणजे त्या संध्याकाळी दान मी केलंच नव्हतं. मी ३५ डॉलर देऊन ६० डॉलरची वस्तू घेतली होती. दान केलं त्या बाईंनी, आणि त्यातले २५ डॉलर मला मिळाले. टाळ्या मात्र मी घेतल्या.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वस्तू मिळवण्यासाठी पत्रं पाठवणाऱ्या समितीत मीही होतो. "आपल्या कलेची प्रसिद्धी होईल" हे वाक्य मीच लिहिलं होतं. त्यावर बाईंनी वाडगा तर दिला, पण सोबतच्या चिठ्ठीत एक प्रश्न विचारला होता. त्याचा सारांश असा : तुम्ही हॉलचं भाडं देता, जेवणवाल्याला पैसे देता, साउंडवाल्याला देता. मग फुकट द्यायला फक्त माझ्यासारख्यांनाच का सांगता?

तेव्हा आम्ही त्यावर गोड आभारपत्र पाठवून दिलं. उत्तर दिलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

तांबट आळीतला धडा

खरं तर हा हिशेब मला आधीच कळायला हवा होता, कारण पुण्यात मला तो एकाने शिकवला होता. २०२२ च्या डिसेंबरात आम्ही सुट्टीवर गेलो होतो. इथलं घर नवीन होतं, फायरप्लेसशेजारी ठेवायला तांब्याचं मोठं घंगाळ हवं होतं. बरोबर मावशीला घेतलं. मावशी म्हणजे घासाघीस करण्यात सदाशिव पेठेचा मान राखणारी बाई.

कसबा पेठेतली तांबट आळी तुमच्यापैकी पुण्याच्या मंडळींना ठाऊक असेलच. गल्लीत शिरण्याआधीच ठक् ठक् ऐकू येतं. पेशवाईत पुण्यात वसलेल्या तांबट मंडळींची ही आळी. हंडे, कळश्या, घंगाळं, पाणी तापवायचे बंब, सगळं इथल्या हातांनी घडवलं. पुढे स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, भिंतीवर गीझर लागला आणि बंब माळ्यावर गेला. आता तिथे घडतात त्यातल्या बऱ्याच वस्तू शोभेच्या आहेत. कुंड्या, दिव्याच्या शेड, ताटं, तरंगत्या फुलांची घंगाळं... म्हणजे कालपर्यंत ज्या कारागिराचं पोट आपल्या न्हाणीघरावर चालत होतं, ते आज आपल्या दिवाणखान्यावर चालतं.

मावशीने सवयीने सुरुवात केली, "एवढे कसे हो? काही कमी करा." काका शांतपणे म्हणाले, "ताई, तांब्याचा भाव माझ्या हातात नाही. पत्रा वजनावर येतो. कोळसा, ॲसिड, भाडं, तेही मी ठरवत नाही. कमी करायचं म्हटलं, तर माझ्या हाताचंच कमी होणार."

मावशीने तरी दहा टक्के कमी करून घेतलेच. मी तेव्हा कौतुकाने हसलो. काकांचं वाक्य मात्र विमानात आठवत राहिलं.

आता ते वाक्य आकड्यांत मांडू. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत, भाव तर रोज बदलतात. समजा घंगाळाची किंमत १०,००० रुपये. त्यात तांबं ६,५०० रुपयांचं. कोळसा, पॉलिश, भाडं वगैरे १,००० रुपये. उरले २,५०० रुपये, ती मजुरी. काम पाच दिवसांचं धरलं, तर दिवसाला ५०० रुपये.

आता दहा टक्के कमी करा, म्हणजे १,००० रुपये. तांबंवाला सोडणार नाही, भाडंवाला सोडणार नाही. मग मजुरी २,५०० वरून १,५०० झाली. दिवसाचे ५०० होते, ते ३०० झाले. आपल्या दृष्टीने सूट दहा टक्के, त्या माणसाच्या दृष्टीने कमाईत चाळीस टक्क्यांची कपात! आपल्यापैकी कोणाच्या मॅनेजरने असं केलं असतं, तर आपण त्याच दिवशी बायोडेटा नीट करायला घेतला असता.

हा या लेखाचा गाभा आहे मंडळी. हाताने घडवलेल्या वस्तूवरची घासाघीस ही वस्तूच्या किमतीवर होत नाही, ती मजुरीवर होते. कारण त्या किमतीत कमी होण्यासारखं दुसरं काही नसतंच.

मजुरीत आपण नेमकं काय विकत घेतो?

"पण तेच भांडं मशीनचं निम्म्या किमतीत मिळतं की!" हा प्रश्न येणारच. इथे माझं इंजिनिअरिंग जरा कामाला येऊ द्या.

तांब्याच्या भांड्यावर ते जे लहान लहान चमकते ठोके दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात. ती नुसती नक्षी नाही. धातूत अणू रांगांनी बसलेले असतात. हातोडी पडली की त्या रांगा सरकतात, एकमेकींत अडकतात आणि धातू कडक होतो. म्हणजे मऊ पत्र्याला ताकद येते ती या ठोक्यांमुळे. जास्त ठोकलं तर तोच पत्रा तडकतो, म्हणून घडवताना मध्ये मध्ये तो लालसर तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. कधी थांबायचं, कधी तापवायचं, हे कुठल्याही मीटरवर दिसत नाही. ते हाताला आणि कानाला कळतं. मजुरी या कळण्याची असते.

खरं मठारकाम ओळखायच्या सोप्या खुणा अशा : ठोके ओळीने असतात, पण कोणतेही दोन अगदी सारखे नसतात. छापाच्या भांड्यावर तोच नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येतो. वस्तू हातात घेऊन बघा, पत्रा पातळ असेल तर वजन लगेच सांगतं. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. तांब्याला ते चिकटत नाही. चिकटलं, तर आत लोखंड आहे आणि वरून तांब्याचा मुलामा.

आणि एक सूचना. शोभेचं भांडं शोभेलाच ठेवा. तांब्यात आंबट पदार्थ कळकतात, हे आजीने सांगितलेलं शास्त्रशुद्ध आहे. स्वयंपाकाला वापरायचं असेल तर आतून कथलाची कल्हई हवीच. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं रिकामं भांडं मोठ्या आचेवर विसरू नका.

इथल्या कारागिराचा हिशेब

आता अटलांटिक ओलांडून परत आपल्या न्यू जर्सीत येऊ. इथे हस्तकलेची वस्तू महाग वाटते. "एका वाडग्याला ६० डॉलर?" मलाही वाटलं होतं. म्हणून मी त्या बाईंना सरळच विचारलं, एवढा वेळ कशात जातो? त्यांनी सगळं दाखवलं.

माती मळून चाकावर वाडगा घडवायचा. अर्धवट वाळला की उलटा करून तळ कोरायचा. मग पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली तर तडा जातो. मग सुमारे १,००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी. त्यावर रंगाचा, म्हणजे ग्लेझचा हात. मग सुमारे १,२२० अंशांना दुसरी भाजणी. एवढ्यात माती बाराएक टक्के आकसते, त्यामुळे ११ इंचांचा वाडगा हवा असेल तर साडेबारा इंचांचा घडवावा लागतो. भट्टी उघडल्यावर एखाद्याला चीर गेलेली असते, एखाद्याचा रंग बिघडलेला. त्या फुटलेल्यांचा खर्चही उरलेल्यांच्याच किमतीत बसवावा लागतो. आपल्याकडे टेस्टिंगमध्ये नापास झालेला कोड पुन्हा लिहिता येतो. भाजलेल्या मातीला "अनडू" नाही!

मग विक्री. दुकानात ठेवलं तर किमतीचा साधारण निम्मा भाग दुकानाचा. दुकानवाल्याचीही चूक नाही, त्याला भाडं आहे, माणसं आहेत. जत्रेत गेलं तर स्टॉलचं भाडं, तंबू, आणि शनिवार-रविवार उन्हात उभं राहणं. इंटरनेटवर विकलं तर तिथेही वाटे आहेत. २००५ मध्ये ब्रुकलिनला सुरू झालेल्या एट्सीचं उदाहरण घेऊ. वस्तू मांडायचे २० सेंट. विकली गेली की २०२२ पासून साडेसहा टक्के दलाली. शिवाय इथे पैसे स्वीकारण्याचे तीन टक्के आणि २५ सेंट. म्हणजे ५० डॉलरच्या वस्तूवर २० सेंट, ३.२५ आणि १.७५ मिळून ५.२० डॉलर गेले. गिऱ्हाईक त्यांच्या बाहेरच्या जाहिरातीवरून आलं असेल, तर लहान विक्रेत्याचे आणखी १५ टक्के, म्हणजे ७.५० डॉलर. एकूण १२.७०. यात डबा, भुसा आणि टपाल अजून धरलेलंच नाही.

मी इंटरनेटच्या विरुद्ध नाही हं, माझं पोट त्याच्यावरच चालतं! त्या बाजारामुळेच एखाद्या खेड्यातली विणकर बाई जगभर पोचते. पण शोध तिथे लागला आणि स्टुडिओ वीस मिनिटांवर असला, तर पुढची वस्तू तिथे जाऊन घ्या. तेच ५० डॉलर द्या. वाटे मात्र कमी होतात.

आपली चित्रं, दुसऱ्याचा छापखाना

आता थोडं आपल्या भिंतींकडे पाहू. आपल्यापैकी निदान निम्म्या घरांत वारली चित्र असेल. उशीच्या अभ्य्रावर, कपावर, पडद्यावर. मूळ वारली चित्र हे पालघर-डहाणूकडच्या आदिवासी घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने काढायचं. लग्नाचा देवचौक सवाशिणी काढत. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, आणि जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

तरीही मॉलमधल्या "वारली" कपावरचं चित्र बहुतेक वेळा कॉम्प्युटरवरून उचललेलं असतं. ते काढणाऱ्या समाजाकडे त्यातला एक पैसाही जात नाही. घासाघिशीत मजुरी निदान कमी होते, इथे ती शून्य होते.

इथल्या मूळ रहिवाशांच्या बाबतीतही हेच होत आलं. नाव्हाहो चटया, झुनी दागिने यांच्या नकला इतक्या वाढल्या, की १९९० मध्ये अमेरिकेने त्यावर खास कायदा केला. त्या कायद्याने, मूळ रहिवाशांनी न घडवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं हा गुन्हा ठरतो. म्हणून न्यू मेक्सिकोला फिरायला गेलात, तर दुकानदाराला सरळ विचारा, "ही कोणी घडवली? कोणत्या जमातीची?" आणि हाच प्रश्न दादरला आणि पुण्यालाही विचारायची सवय लावून घ्या. "कोणी काढलं?" या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर असेल, तर पैसे बहुधा योग्य वाटेने जातात.

एक रविवार राखून ठेवा

पुस्तकी बोलणं पुरे. आपल्यापासून तासा-दीड तासावर पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत दोन जागा आहेत, मुलांना घेऊन जरूर जा.

पहिली डॉइल्सटाउनची. हेन्री मर्सर नावाचे एक गृहस्थ जुनी हत्यारं गोळा करत असत. कारखाने आले, तशी सुताराची, लोहाराची, कुंभाराची हत्यारं लोक फेकून द्यायला लागले होते. त्यांचं म्युझियम १९१६ पासून तिथे उभं आहे. आत गेल्यावर छतापर्यंत हत्यारंच हत्यारं, आणि एकही चालत नाही. पण त्याच मर्सर यांनी १८९८ मध्ये हाताने टाइल घडवायचा कारखानाही काढला होता. हॅरिसबर्गच्या विधानभवनाच्या फरशीत त्याच टाइल आहेत. तो कारखाना त्याच गावात आजही टाइल घडवतो, आणि त्या विकतही मिळतात.

मला त्या गावात फार विचार करायला लागला. एकाच माणसाने उभ्या केलेल्या दोन इमारती. एकीत हत्यारं भिंतीला टांगलेली, दुसरीत हातात. फरक एवढाच, की दुसऱ्या इमारतीतल्या वस्तू लोक अजून विकत घेतात. तांबट आळीतली हातोडी यातल्या कोणत्या इमारतीत जाणार, हे सरकार ठरवत नाही. गिऱ्हाईक ठरवतं.

दुसरी जागा न्यू होपची. जॉर्ज नाकाशिमा हे जपानी वंशाचे अमेरिकन लाकूडकाम करणारे. तरुणपणी पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमातल्या गोलकोंड इमारतीच्या कामावर होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्यांना कुटुंबासह छावणीत डांबलं. तिथेच एका जपानी सुताराकडून ते हत्यार धरायला नव्याने शिकले, आणि १९४३ मध्ये न्यू होपला आले. पुढे १९६० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्यांनी फर्निचर आखून दिलं. १९९० मध्ये ते गेले, पण कार्यशाळा मुलीने पुढे चालवली. त्यांच्या कित्येक टेबलांच्या खालच्या बाजूला ग्राहकाचं नाव लिहिलेलं सापडतं. म्हणजे कोणाच्या घरी जाणार, हे घडवतानाच ठाऊक! आपण निदान कारागिराचं नाव लक्षात ठेवू शकतो ना?

वस्तू घडवून घेताना

माझ्या चुकांतून शिकलेले काही नियम देतो. कापून फ्रिजला लावलेत तरी चालेल.

१. किंमत परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या, किंवा तीच वस्तू पुढच्या वर्षी घ्या. मोठी वस्तू पाडून मागू नका. काकांचं घंगाळ मोठं वाटलं, तर त्यांच्याकडे छान तांब्या-भांडंही आहे.

२. मापं लिहून द्या, कागदावर चित्र काढून द्या. "असंच काहीतरी" ही रिक्वायरमेंट नव्हे. आपण ऑफिसात यावरून किती भांडतो, आठवा.

३. काम सुरू झाल्यावर बदल सुचवायचा असेल, तर त्याचे वेगळे पैसे विचारा. भट्टीत गेलेल्या मातीला दुसरा रंग लागत नाही.

४. आगाऊ रक्कम द्या. अर्धी देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तांबं, लाकूड, लोकर हे त्या माणसाला रोख घ्यावं लागतं. उरलेले पैसे वस्तू मिळाल्याच दिवशी द्या.

५. दुसऱ्याच्या डिझाइनचा फोटो दाखवून "हे स्वस्तात करून द्या" असं म्हणू नका. तो त्या दुसऱ्याच्या मजुरीवर घातलेला घाला आहे.

६. चार ताटं चार तऱ्हेची झाली म्हणून परत करू नका. हाताचं काम थोडं वेगळं होणारच. चिरलेलं, गळणारं असेल तर मात्र निःसंकोच सांगा. चांगला कारागीर स्वतःच बदलून देतो.

७. भारतातून मागवायचं असेल, तर जकातीचा हिशेब आधी करा. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली सवलत अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टअखेर थांबवली. नियम बदलते आहेत, म्हणून मागवण्याच्या दिवशी पुन्हा पाहा. आणि तो भुर्दंड कारागिराच्या माथी मारू नका.

८. पाहुण्यांनी "सुंदर आहे हो!" म्हटलं की लगेच नाव आणि पत्ता सांगा. कारागिराला जाहिरातीचा खर्च परवडत नाही, तेवढं काम आपल्या दिवाणखान्याला फुकट करता येतं.

पुन्हा त्या लिलावाकडे

तर त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर काय?

शोधता शोधता अमेरिकेच्या करकायद्यातली एक गोष्ट कळली. आपण वस्तू दान करणाऱ्या कलाकाराला सहज म्हणतो, "तुम्हाला टॅक्समध्ये फायदा होईलच की." तसं नसतं. १९६९ च्या कायद्यापासून, कलाकाराने स्वतः घडवलेली वस्तू दान केली, तर त्याला फार तर साहित्याच्या खर्चाएवढीच वजावट मिळते. म्हणजे बाईंच्या ६० डॉलरच्या वाडग्यात माती आणि रंग समजा ९ डॉलरचे असतील, तर वजावट ९ डॉलरची. तोच वाडगा मी ६० डॉलरला विकत घेऊन दान केला असता, तर माझी वजावट ६० डॉलरपर्यंत जाऊ शकली असती. कायद्याच्या हिशेबातही मजुरी शून्यच! तुमच्या स्वतःच्या बाबतीत तुमच्या हिशेबनिसाला विचाराच, मी इंजिनिअर आहे, सी. पी. ए. नाही.

म्हणून यंदा आपल्या समितीने लिलावाची पद्धत बदलली आहे. प्रत्येक हस्तकलेच्या वस्तूवर कारागिराने सांगितलेली किंमत लिहिलेली असेल, आणि बोली तिथून पुढे सुरू होईल. कारागिराची किंमत कारागिराला मिळेल, वरची रक्कम पूर्णपणे निधीत जाईल. बोली लागली नाही, तर वस्तू सांभाळून परत केली जाईल. कोणाला स्वतःच्या वाट्यातून काही द्यायचं असेल तर आनंदाने स्वीकारू, पण मागणार नाही. वरची जी रक्कम तुम्ही द्याल, ते तुमचं खरंखुरं दान, आणि वजावटीलाही सहसा तेवढंच धरतात.

बैठकीत आमच्या खजिनदारांनी रास्त शंका काढली, "अरे, मग निधी कमी नाही का जमणार?" मी खोटं बोलणार नाही. ६० डॉलरच्या वाडग्याला ९० ची बोली लागली, तर निधीत ३० येतील. गेल्या वर्षी फुकटच्या वाडग्याचे ३५ आले होते. म्हणजे त्या एका वस्तूपुरते ५ डॉलर कमी. पण गेल्या वर्षीचे ३५ हे एका बाईच्या मजुरीतून आले होते, यंदाचे ३० आपल्या खिशातून येतील. ज्यांच्यासाठी आपण निधी जमवतो तीही कष्टाची माणसं आहेत. एका कष्टकऱ्याचं काढून दुसऱ्याला दिलं, तर आपण मध्ये काय केलं? आणि ते ५ डॉलर भरून काढणं आपल्या हातात आहे. बोलीच्या कागदावर आकडा लिहिताना पुरणपोळीची घाई करू नका, एवढंच!

माझं म्हणाल, तर मी त्या बाईंना उरलेले २५ डॉलर नेऊन दिले. त्या घेईनात. शेवटी म्हणाल्या, "याचे पैसे नकोत, पुढच्या वेळी काही घडवून घ्या." मग सहा वाट्यांची ऑर्डर दिली, पूर्ण किमतीत, अर्धे पैसे आगाऊ. वाट्या आठ आठवड्यांनी आल्या. सहाही थोड्या वेगळ्या आहेत. रविवारी आमटी त्यांतच असते.

आणि काका? येत्या डिसेंबरात पुण्याला जातोय. फायरप्लेसच्या दुसऱ्या बाजूची जागा अजून रिकामी आहे, तिथे घंगाळाची जोडी लावायची आहे. मावशीला या वेळीही बरोबर नेणार, पण एका अटीवर. भाव मी बोलणार, आणि तोही एकदाच... काका सांगतील तेवढाच.